कृष्णविवर वाजवून पाहताना

(घिवली इथे झालेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन. पुनरुक्ती काढली आहे, बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



बाजारात मडकं घ्यायला गेलेली आपली आजी काय करायची, आठवतंय ना? मडकं हातावर तोलून बोटाने टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर पैसे द्यायचे, बद्द वाजलं तर खाली ठेवायचं. तडा डोळ्यांना दिसत नाही, पण कानाला कळतो. आज आम्ही ज्या वस्तूबद्दल बोलणार आहोत ती तर मुळीच दिसत नाही आणि तिला टिचकी मारायला आपला हातही पोचत नाही. तिचं नाव कृष्णविवर. ती आईनस्टाईनच्या गणितात सांगितली आहे तशीच आहे का, की तिला कुठे तडा आहे, हे गेल्या दहा वर्षांत माणसं वाजवून पाहायला लागली. ही वाजवून पाहायची विद्या कशी उभी राहिली, त्यात पुण्या-बंगळुरूच्या माणसांचा हात कुठे आहे, हे सांगायला आम्ही आलो आहोत. शेवटी तुमच्या शेजारच्या तारापूरपर्यंतही येऊ.

आधी थोडं मागे जाऊ. १९१६ साली कार्ल श्वार्ट्सशिल्ड हा जर्मन शास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धात रशियाच्या आघाडीवर होता. तिथून त्याने आईनस्टाईनच्या समीकरणांचं एक उत्तर काढून पाठवलं. त्या उत्तरात कृष्णविवर दडलेलं होतं, पण ते कुणाला ओळखू आलं नाही. त्याच वर्षी आईनस्टाईनने गुरुत्वीय लहरींचं भाकीत केलं, म्हणजे जड वस्तू हलल्या की अवकाशातच लाटा उठतात. गंमत अशी, की आपल्याच सिद्धांताची ही दोन्ही अपत्यं आईनस्टाईनला नीट पचली नाहीत. १९३६ साली लाटा खऱ्या नसाव्यात असा निबंध त्याने लिहिला, मग चूक सापडली आणि मत बदललं. १९३९ साली निसर्गात कृष्णविवरं बनू शकत नाहीत असाही निबंध लिहिला. तेव्हा 'आईनस्टाईनला सगळं आधीच ठाऊक होतं' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

मराठीत हा शब्द घरोघरी पोचवण्याचं श्रेय बऱ्याच अंशी जयंत नारळीकरांना जातं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. नारळीकर तेव्हा मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. नावामुळे बक्षीस मिळालं असं व्हायला नको, म्हणून त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली. जयंत विष्णु नारळीकर या नावाची आद्याक्षरं उलटी केली की ना. वि. ज. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि तिचं नाव होतं 'कृष्णविवर'. म्हणजे मराठी वाचकाने कृष्णविवराची गोष्ट वाचली तेव्हा जगात कुणीही कृष्णविवराचा आवाज ऐकलेला नव्हता. तो ऐकायला आणखी एकेचाळीस वर्षं लागायची होती.

आता १९६९ सालाकडे या. घिवलीतल्या जुन्या माणसांना हे साल सांगायला नको. २८ ऑक्टोबर १९६९ला तारापूरच्या अणुऊर्जा केंद्राने व्यापारी तत्त्वावर वीज द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाच्या जोसेफ वेबरने जाहीर केलं, की मला गुरुत्वीय लहरी सापडल्या. त्याने ॲल्युमिनियमचे भलेमोठे दंडगोल टांगले होते. लहर आली की ते कंप पावतील, अशी कल्पना. जगभर लोकांनी तसेच दंडगोल टांगले, पण कुणालाच काही सापडलं नाही. वेबरचा दावा टिकला नाही.

पण त्याच विद्यापीठात आणखी एक माणूस होता, सी. व्ही. विश्वेश्वरा. मूळचा बंगळुरूचा, चार्ल्स मिस्नर यांचा विद्यार्थी. त्याला दिलेला प्रश्न वरकरणी साधा होता. कृष्णविवराला थोडासा धक्का दिला तर ते टिकेल की विस्कटेल? पाण्याने भरलेला फुगा टोचला की फुटतो आणि रबरी चेंडू दाबला की परत गोल होतो. यातलं कृष्णविवर कुठलं? जॉन व्हीलर आणि तुल्लिओ रेजे यांनी १९५७ साली हा प्रश्न हाती घेतला होता. विश्वेश्वरांनी दाखवलं की ते टिकतं.

त्यापुढचा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला घातला. टिकतं, पण टिकताना आवाज कसला करतं? संगणकावर त्यांनी कृष्णविवरावर लहरींचा एक लहानसा झोत सोडला आणि परत काय येतं ते बघितलं. झोत रुंद असला तर विशेष काही दिसत नव्हतं. मग ते झोत अरुंद करत गेले. एका टप्प्यावर परत येणाऱ्या लहरीला शेपटी फुटली. ठरावीक पट्टीत थरथरणारी आणि झपाट्याने विरत जाणारी. घंटेवर टोला पडावा आणि नाद विरत जावा, तशी. १९७०मध्ये 'नेचर'मध्ये हा निबंध आला.

घंटेची उपमा सगळे देतात, आम्हीही दिली. पण खरं सांगायचं तर ती जरा फसवी आहे. देवळातली घंटा बराच वेळ घुमते. कृष्णविवर तीन-चार हेलकाव्यांत गप्प होतं. ते मडक्याच्या जास्त जवळचं आहे. ठप्प, आणि संपलं. हे लक्षात ठेवा, कारण सगळी अडचण इथेच आहे.

हा नाद महत्त्वाचा का, तेही सांगितलं पाहिजे. मडक्याचा आवाज मातीवर, भाजणीवर, जाडीवर, कुंभाराच्या हातावर, दहा गोष्टींवर अवलंबून असतो. आईनस्टाईनचं गणित म्हणतं, कृष्णविवराचा नाद दोनच आकड्यांवर ठरतो. एक, त्याचं वस्तुमान. दुसरा, ते स्वतःभोवती किती फिरतंय. विद्युतभार हा तिसरा आकडा गणितात आहे, पण निसर्गात तो नगण्य मानतात. ते लोखंडाच्या ताऱ्यापासून झालं की धुळीपासून, आत काय पडलं, याची खूण बाहेर उरत नाही. व्हीलर गमतीने म्हणायचे की कृष्णविवराला केस नसतात. म्हणजे त्यावरून ओळख पटवावी असं काहीच नाही. आता यात परीक्षा कशी दडली आहे पाहा. एक सूर ऐकला तर त्यातून वस्तुमान आणि फिरकी काढता येते. दुसरा सूरही ऐकला आणि त्यातून तेच दोन आकडे निघाले, तर गणित खरं. वेगळे निघाले तर कुठेतरी तडा आहे. मग ती वस्तू कृष्णविवर नसेल, किंवा आईनस्टाईन चुकला असेल. हा सौदा सरळ आहे, यात पळवाट नाही.

फक्त आवाज ऐकू यायला हवा! १९७०नंतर पुढची पंचेचाळीस वर्षं कुणालाही तो ऐकू आला नाही.

इथे आपण पुण्याला येतो. १९८८ साली नारळीकरांच्या नेतृत्वाखाली आयुका ही संस्था सुरू झाली. तिथे संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी एक वेगळाच उद्योग आरंभला. लहर पकडणारं यंत्र तेव्हा जगात कुठेच तयार नव्हतं. अमेरिकेतल्या लायगो प्रकल्पाचं बांधकामही सुरू व्हायचं होतं. यांनी विचार असा केला, की यंत्र झालं तर त्यातून बाहेर पडेल तो नव्व्याण्णव टक्के गोंगाट असेल. जमिनीची थरथर, आरशांची उष्णता, लेसरचा चुळबुळाट. त्यातून लहर निवडायची कशी? उत्तर असं, की ती कशी दिसेल हे आधी गणिताने काढून ठेवायचं. असे नमुने, म्हणजे साचे, तयार ठेवायचे आणि येणाऱ्या गोंगाटावरून एकेक साचा सरकवत जायचं. जुळला की दचकायचं. १९९१ साली दोघांचा याविषयीचा निबंध 'फिजिकल रिव्ह्यू'मध्ये आला. साचे कसे निवडायचे, किती लागतील, त्यांच्यात अंतर किती ठेवायचं, हा त्याचा विषय.

हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं कळेल. जाळ्याचा आस किती ठेवायचा, हाच तो प्रश्न. आस मोठा ठेवला तर मासा निसटतो. फार बारीक ठेवला तर जाळं ओढता ओढता जीव जातो. इथे ओढणारा म्हणजे संगणक, आणि १९९१ सालचे संगणक कसे होते ते आठवा. दोन साच्यांतलं अंतर असं ठेवायचं, की मधला मासा निसटण्याची शक्यता ठरवलेल्या मर्यादेत राहील आणि साच्यांची संख्याही आवाक्यात राहील. पुढे २०१५-१६च्या पहिल्या निरीक्षणसत्रात लायगोने असे सुमारे अडीच लाख साचे वापरले. धुरंधरांच्या विद्यार्थिनी अर्चना पै, ज्या आज पवईच्या आयआयटीत आहेत, त्यांनी आणि सुकांत बोस यांनी धुरंधरांबरोबर पुढचा प्रश्न घेतला. जगभरची अनेक यंत्रं मिळून एकच मोठं यंत्र असल्यासारखं कसं ऐकायचं? बंगळुरूत बाला अय्यर आणि त्यांचे फ्रेंच व अमेरिकी सहकारी साच्यांचं गणित दशांशामागून दशांश अचूक करत होते. ही माणसं पंचवीस वर्षं समुद्र न पाहता जाळी विणत होती, असं म्हटलं तरी चालेल.

१४ सप्टेंबर २०१५. आपल्याकडे दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं. अमेरिकेत लुइझियानातल्या लिव्हिंग्स्टनच्या यंत्रात एक थरथर आली. सात मिलिसेकंदांनी तीच वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डला आली. एक पंचमांश सेकंद टिकली. सूर्याच्या ३६पट आणि २९पट अशी दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत फिरत एक झाली होती, सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी. उरलेलं कृष्णविवर ६२ सूर्यांचं. छत्तीस आणि एकोणतीस पासष्ट होतात. मधले तीन सूर्य लहरी होऊन गेले. चार किलोमीटर लांब भुजेत फरक पडला तो प्रोटॉनच्या जाडीच्या काहीशेव्या भागाइतका. ११ फेब्रुवारी २०१६ला बातमी जाहीर झाली. विश्वेश्वरा तेव्हा हयात होते. पंचेचाळीस वर्षांपूर्वी कागदावर पाहिलेली ती विरणारी शेपटी त्यांना आलेखात पाहायला मिळाली. पुढच्या वर्षी, जानेवारी २०१७मध्ये ते गेले.

आता आमच्या मते या सगळ्या गोष्टीतला खरा प्रश्न येतो. आम्ही जिथे जिथे बोलतो तिथे तो कुणीतरी विचारतंच, आणि विचारायलाच हवा. पापलेटच्या आसाचं जाळं टाकलं आणि पापलेट मिळालं, तर समुद्रात पापलेटच आहे असं म्हणायचं का? साचे आईनस्टाईनच्या गणिताने बनवले, ते लहरीला जुळले, आणि तुम्ही सांगता आईनस्टाईन बरोबर. ही परीक्षा झाली, की आपणच प्रश्नपत्रिका काढून आपणच तपासली?

या शंकेची उत्तरं आहेत, पण सगळी सारख्या ताकदीची नाहीत. पहिलं उत्तर योगायोगाने मिळालं. त्या दिवशी लहर सर्वांत आधी दिसली ती साच्यांच्या शोधात नव्हे. साचा न वापरता, दोन्ही यंत्रांत एकाच वेळी काही वेगळं उसळतंय का एवढंच पाहणारा एक कार्यक्रम चालू होता. त्याने तीन मिनिटांत खूण केली. म्हणजे जाळं न टाकताही मासा दिसला होता. साच्यांनी नंतर सांगितलं तो कोणता आणि केवढा.

दुसरं उत्तर म्हणजे वजाबाकी. जुळलेला सर्वांत चांगला साचा नोंदीतून वजा करायचा आणि उरतं काय ते पाहायचं. आईनस्टाईन चुकला असेल तर गोंगाटाखेरीज काहीतरी उरलं पाहिजे. पहिल्या लहरीत नुसता गोंगाटच उरला. जुळणीत चार टक्क्यांहून अधिक तफावत असू शकत नाही असा हिशेब निघाला. चार टक्के म्हणजे थोडके नव्हेत, हे आम्हीही मान्य करतो.

तिसरं उत्तर आम्हाला सर्वांत आवडतं. ते बंगळुरूच्या आयसीटीएसमध्ये परमेश्वरन अजित आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी पुढे नेलं. लहरीचे दोन तुकडे करायचे. पहिला तुकडा, दोघं अजून फिरताहेत तेव्हाचा. त्यावरून सांगायचं की शेवटी उरणाऱ्या विवराचं वस्तुमान आणि फिरकी किती असेल. मग दुसरा तुकडा, एक झाल्यानंतरचा. त्यावरून तेच दोन आकडे वेगळे काढायचे. दोन साक्षीदार वेगवेगळ्या खोल्यांत बसवून जबानी घ्यावी तसं. पहिल्या लहरीत जबान्या जुळल्या. याच्याच जोडीला के. जी. अरुण, अय्यर आणि सत्यप्रकाश यांनी २००६मध्ये सुचवलेली रीत आहे. सूत्रातला एकेक आकडा मोकळा सोडायचा आणि लहर त्याला कुठे नेते ते बघायचं. म्हणजे जाळ्याचा आस मुद्दाम सैल करून पाहायचं. तेव्हा आकडे आईनस्टाईनच्या जागेपासून हलले असते तर कळलं असतं.

तरी मडक्याचा दुसरा सूर राहिलाच होता. पहिल्या लहरीत शेवटची शेपटी काही मिलिसेकंदांत विरली. २०१९मध्ये एका गटाने म्हटलं, दुसरा सूरही ऐकू आला. २०२२मध्ये दुसऱ्या गटाने म्हटलं, तो गोंगाटाचा भास असू शकतो. त्याआधी, २०१६च्या अखेरीला, काहींनी तर लहरींमागोमाग प्रतिध्वनी ऐकल्याचा दावा केला. तसं असतं तर कृष्णविवराच्या काठावर काहीतरी भिंतीसारखं असलं पाहिजे, आणि मग सगळंच बदललं असतं. पुढच्या तपासण्यांत प्रतिध्वनी मिळाला नाही. वाद झडला, कुणी कुणाला देशोधडीला लावलं नाही. असं व्हायलाच हवं.

मग १४ जानेवारी २०२५. संक्रांतीची दुपार, दोनला काही मिनिटं कमी. इकडे पोरं पतंग उडवत होती, तिकडे दोन्ही यंत्रांत लहर आली. घटना जवळजवळ पहिल्यासारखीच, सूर्याच्या तेहतीसपटीच्या आसपासची दोन विवरं. पण दहा वर्षांत यंत्रं इतकी सुधारली होती, की पहिल्या लहरीपेक्षा ही तिपटीहून स्पष्ट ऐकू आली. या वेळी शेपटीत दोन सूर वेगळे काढता आले, आणि दोघांनी तेच दोन आकडे सांगितले.

त्याच लहरीने आणखी एक हिशेब पक्का केला. १९७१ साली स्टीफन हॉकिंगने सांगितलं होतं की कृष्णविवरांच्या पृष्ठभागाचं एकूण क्षेत्रफळ कधी कमी होत नाही. वस्तुमान घटू शकतं, कारण लहरी ते घेऊन जातात, क्षेत्रफळ मात्र वाढलंच पाहिजे. संक्रांतीच्या लहरीत आधीच्या दोघांचं मिळून क्षेत्रफळ निघालं सुमारे २,४०,००० चौरस किलोमीटर. आपला महाराष्ट्र आहे ३,०७,७१३, म्हणजे त्याहून लहान. नंतरच्या एकाचं निघालं सुमारे ४,००,०००, म्हणजे महाराष्ट्राला बिहार जोडावा तेवढं. हॉकिंग २०१८मध्ये गेला. त्याला हा आकडा पाहायला मिळाला नाही.

आता तुमच्या शेजारी येतो. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगोचं भारतातलं यंत्र होणार आहे. १७ फेब्रुवारी २०१६ला, म्हणजे पहिली बातमी आल्यावर सहा दिवसांत, केंद्रीय मंत्रिमंडळाने तत्त्वतः मान्यता दिली. पूर्ण मंजुरी यायला एप्रिल २०२३ उजाडलं. रक्कम सुमारे २,६०० कोटी रुपये. हे काम करणाऱ्या चार संस्थांपैकी आयुका सोडली तर बाकीच्या तीन अणुऊर्जा विभागाच्या आहेत. त्याच विभागाचं बोट धरून इथे तारापूर उभं राहिलं. अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीपायी उठली, हे इथे बसलेल्यांना आम्ही सांगावं असं नाही. म्हणून असा प्रकल्प आला की जमीन, पाणी, पैसा यांबद्दल प्रश्न विचारायचा तुमचा हक्क आम्ही मानतो. फक्त हे यंत्र वीज करत नाही आणि त्यात अणुइंधन नाही. चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या, आरसे आणि लेसर, एवढंच. औंढ्याच्या लोकांनाही हे शांतपणे बसून सांगायला हवं.

तिसरं यंत्र दूर का हवं? अमेरिकेतली दोन यंत्रं जवळपास एकाच दिशेला तोंड करून आहेत. लहर अवकाशाला कोणकोणत्या रीतीने ताणते हे त्या दोघांना नीट सांगता येत नाही. आईनस्टाईन म्हणतो दोनच रीती, इतर काही सिद्धांत सहापर्यंत रीती मानतात. युरोपातल्या व्हर्गोची मदत होते, पण पृथ्वीच्या पाठीवर दूर, वेगळ्या कोनात बसलेला साक्षीदार आणखी एक असला तर ही परीक्षा खूप कडक होईल.

(प्रश्नोत्तरांपैकी एक प्रश्न इथे घेतला आहे. समोरून एका काकांनी विचारले, "हे यंत्र आमच्याकडे का नाही लावलं? जागा तर इथेही होती.")

काका, चांगला प्रश्न आहे. याला दोन कारणं. एक तर तुम्हाला माहीतच आहे, नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरीत किती महिने जमीन हादरत होती, लोक घराबाहेर झोपत होते. पण हिंगोलीतही धक्के बसतात, २०२४मध्ये ४.५ तीव्रतेचे बसले. अधूनमधून बसणारा धक्का यंत्र सोसतं. त्या वेळेपुरतं ते ऐकणं थांबवतं, नंतर पुन्हा सुरू होतं. न थांबणारा त्रास मात्र त्याला नको असतो. तो त्रास म्हणजे तुमच्या दारातला समुद्र. लाट किनाऱ्यावर आपटते, लाटांना लाटा भिडतात, आणि त्याने जमिनीत पाच-दहा सेकंदांची एक मंद हेलकावणी सतत चालू राहते. पावसाळ्यात ती वाढते. आपल्या पायाला ती कळत नाही. लिव्हिंग्स्टनच्या यंत्राला मेक्सिकोच्या आखातातल्या लाटा इतक्या लांबून त्रास देतात. औंढा किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत आहे, तरीही तिथली यंत्रं अरबी समुद्र थोडाफार ऐकणारच. आषाढात तुमच्या होड्या वर ओढलेल्या असतील, तेव्हा तिथले लोक त्यांच्या पडद्यावर हीच लाट मोजत बसलेले असतील आणि ती कशी वजा करायची याच्या खटपटीत असतील.